इस्त्रीवरचा शेक

मंगळवार, १० मार्च

मुलगा म्हणाला, "आई, मनात आलं की लगेच तोंडातून बाहेर काढायलाच पाहिजे का? वहीत लिही की!" आणि हे गिऱ्हाइकासमोर. गिऱ्हाईक दात काढून हसलं. त्याच्या शर्टाची कॉलर मी आज जरा कमीच दाबली. घरी जाऊन कळेल त्याला.

तर ही वही. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुणाला वाचता आलं नाही तर उत्तमच.

खाली आमचं इस्त्रीचं दुकान आणि वर दोन खोल्या. मी आणि मुलगा इस्त्री करतो. सून कपड्यांच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसते, सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. तिची पोर म्हणजे माझी नात, पाच वर्षांची, दिवसभर माझ्या जिवावर. एका जागी बूड टेकत नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. कागदावर दुसरं नाव आहे, सुनेनं पुस्तकात शोधून ठेवलेलं. त्या नावानं हाक मारली तर पोर मान वळवत नाही.

भिंगरीला कालपासून ताप. सून अर्धा दिवस रजा टाकून मोठ्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली. एवढा वेळ रांगेत बसून आणलं काय, तर गुलाबी पाण्याची बाटली. सुई नाहीच. म्हणे, "साधा ताप आहे, दोन-तीन दिवसांत जाईल, इंजेक्शनची गरज नाही." मी म्हटलं, "गरज नाही की तिला टोचता येत नाही?" सून गप्प. ही गप्प बसली की समजायचं, पोटात भरपूर साठलंय.

बुधवार, ११ मार्च

दुपारी अंगाला हात लावला तर तवा. गुलाबी पाणी दोनदा पाजलं, एकदा माझ्या मांडीवरच ओकली. म्हटलं, आता पुरे. उचलली आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेली. तिथला डॉक्टर कधी येतो ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नसेल. सगळा कारभार कंपाउंडरच्या हातात. त्यानं जीभ बघितली आणि गोळ्यांची पुडी पुढे केली.

मी म्हटलं, "गोळ्या राहू देत. सुई टोच."

"आजी, लहान आहे पोर. डॉक्टर संध्याकाळी येतील, ते ठरवतील."

"मग तू इथे काय खुर्ची गरम करायला बसलास? माझ्या मुलाला लहानपणी इथेच सुया टोचल्या, तुझ्याआधीच्यानं. तासाभरात ताप पळायचा."

मागे रांगेत बसलेल्या बायकाही माना हलवायला लागल्या. मग उठला एकदाचा. पोरगी मासोळीसारखी उसळत होती. मी तिला पालथी मांडीवर घेतली, एका हातानं मान दाबली, दुसऱ्यानं पाय. तो म्हणाला, "नीट धरा हं, हलतेय." मी म्हटलं, "मी धरलेलं हलत नाही." ढुंगणावर टोचली. पोर अशी किंचाळली की बायकांच्या कडेवरची पोरंही रडायला लागली. सारखं एकच, "आजी, पाय पेटला! आजी, पाय पेटला!" मी म्हटलं, सुई ढुंगणाला आणि पाय पेटतो तो कसा? नाटकी कुठली.

बाहेर आल्यावर चालेना. मी काय तिला कडेवर घ्यायला तरुण आहे? दोन फटके दिले आणि हाताला धरून ओढत आणली. उजव्या पायातली चप्पल सारखी गळून पडत होती. उचलून घालायची, चार पावलांवर पुन्हा गळायची. शेवटी चप्पल मीच हातात घेतली.

पण संध्याकाळी ताप उतरला. सून आल्यावर मी पायरीवरूनच सांगितलं, "उतरवला बघ ताप! तुझ्या डॉक्टरणीला म्हणावं, शिकून जा." तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला. आभाराचा एक शब्द नाही.

शुक्रवार, १३ मार्च

उजव्या पायाचा पंजा उचलत नाही. नुसता लोंबतो. पाऊल टाकते ते आधी गुडघा वर करून, मग फटकन आपटते, चिखलातून चालल्यासारखं. मला अजून वाटतं, निम्मं नाटकच आहे. तापानं अशक्तपणा येतोच. पण सुनेनं सकाळी तिला पलंगावर बसवून सांगितलं, "बोटं वर कर." डाव्या पायाची झाली. उजव्याची नाही झाली. पोर उजव्या पायाकडे बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी.

मुलगा कंपाउंडरकडे जाऊन आला. तो म्हणे, सुई जरा लागली असेल, आठवड्यात उतरेल, शेकत जा.

सुनेनं कुणाचं ऐकलं नाही. पोरीला घेऊन थेट मोठ्या इस्पितळात.

सोमवार, १६ मार्च

मोठ्या इस्पितळात आधी पोलिओ आहे का ते बघतात म्हणे. पोराचा पाय एकाएकी लुळा पडला की त्यांना वर कळवावं लागतं, नियमच आहे. त्यासाठी शी तपासायला हवी, एका वेळची पुरत नाही. दोन दिवस आम्ही तिघं एका पोरीच्या शीची वाट बघत बसलो. एरवी नको तेव्हा जायचं म्हणून भोकाड पसरते, आता डबी धरून समोर बसलं की म्हणते, "लाज वाटते, तुम्ही सगळे बाहेर जा." मुलगा हसला. सून हसली नाही. मी पण नाही हसले, पण मला हसू आलं होतं.

मी तिथल्या बाईला सांगितलं, "पोलिओ कसला? थेंब सगळे पाजलेत, मीच नेत होते." ती म्हणाली, "मग अजून काय झालं होतं? पडली होती? इंजेक्शन दिलं होतं?" मी म्हटलं, "दिलं होतं, पण त्यानं ताप उतरला." ती लिहून घेत होती ती थांबली, आणि सुनेकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

मंगळवार, १७ मार्च

आज नसांचा डॉक्टर. पोरसवदा, दाढी नीट फुटलेली नाही. स्वतःच्याच पँटवर पेनानं रेघ ओढून दाखवली. म्हणे, कमरेखालून पायात एक जाड नस उतरते, पोराच्या करंगळीएवढी. सुई तिलाच लागली किंवा औषध तिला खेटून पडलं. म्हणून किंचाळली, म्हणून पाय पेटल्यासारखा झाला. लहान पोराला तिथे टोचायचंच नसतं, द्यायचंच झालं तर मांडीच्या बाहेरच्या अंगाला. आणि मग जे बोलला ते मला बिलकूल आवडलं नाही. म्हणाला, "आणि या तापाला इंजेक्शन द्यायला नकोच होतं."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? सुई माझ्या हातात होती का?"

डॉक्टर म्हणाला, "आजी, जरा हळू."

मी म्हटलं, "हळू बोलणाऱ्यांनी पोरीचा पाय घालवलाय, मी नाही." आणि उठून बाहेर आले. बाकावर बसले. दाराच्या फटीतून दिसत होतं. तो पोरीच्या पायाला पिन लावत होता, कापसानं पुसत होता, सुनेला काहीबाही सांगत होता. सून मान हलवत होती, डोळे पुसत होती. बराच वेळ चाललं होतं. मला कुणी आत बोलावलं नाही, मी गेले नाही.

घरी येताना सून रिक्षात पोरीला घेऊन पलीकडच्या टोकाला बसली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

रविवार, २२ मार्च

कंपाउंडरची आज मी शोभा केली. दवाखाना भरलेला असतानाच गेले, रिकाम्या खुर्च्यांसमोर भांडण्यात मजा नाही. म्हटलं, "काय रे, माझ्या नातीचा पाय कुठे ठेवलास?" सगळ्यांच्या माना वळल्या.

तो आधी गयावया करत होता. "आजी, आत या, आपण बसून बोलू." मी म्हटलं, "बसायला काय, माझं लग्न ठरवायचंय? इथेच बोल." मग त्यालाही चेव आला. म्हणाला, "मी गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हटलं होतं. हे सगळे साक्षीला होते. तुम्ही माझ्या छातीवर बसून सुई टोचून घेतलीत. आणि पोर हलत होती तेव्हा मी धरा म्हटलं, तर तुम्ही तिला अशी वाकडी दाबलीत की मला जागाच दिसेना."

बघा तोंड! चोराच्या उलट्या... जाऊ दे. मी मागितली म्हणून? उद्या मी विष मागितलं तर विष देशील? असं मी म्हणणार होते, पण ते मला घरी आल्यावर सुचलं. तिथे मी नुसतं म्हटलं, "तुला जागा दिसत नव्हती तर टोचलीस कशाला?" ते पण काही वाईट नव्हतं.

मुलाला सांगितलं तर म्हणतो, "आई, आता भांडून पाय उचलणार आहे का?" बापावर गेलाय. तोही आयुष्यभर असाच, दोन्ही बाजूंचं खरं धरून बसायचा.

शनिवार, २८ मार्च

आता इस्पितळात एक बाई आहे, पोरांचे पाय पिळते. मी तिला पिळवाली म्हणते. मनगटं पुरुषासारखी. भिंगरीचा पंजा वर ढकलते, खाली सोडते, वर ढकलते. म्हणते, नस झोपली आहे तोवर पाय आखडायला नको. एक प्लास्टिकचा बूट दिलाय, पंजा सरळ धरून ठेवायला. पोर त्याला पिंजरा म्हणते. नस वाढते म्हणे, पण अगदी सावकाश, केसासारखी. महिने लागतात. नस जागी झाली का ते जुलैमध्ये पायाला मशीनच्या तारा लावून बघणार. तोवर काहीच हालचाल दिसली नाही तर उघडून बघावं लागेल.

उघडून! डबा आहे का तो?

व्यायाम सकाळ-संध्याकाळ सून करते, दुपारी मुलगा. मला कुणी शिकवला नाही. सून सूचना देते त्या सगळ्या मुलाला, माझ्या डोक्यावरून, मी कपाट असल्यासारखी. "तिला दुपारी झोपू दे. बूट काढू नकोस. पायाचं मी सांगितलंय ना, ते लक्षात ठेव." काय सांगितलंय ते मुलाला ठाऊक. तो "हो हो" म्हणतो आणि हातातला शर्ट उलटा करतो.

गुरुवार, २ एप्रिल

पोरगी दिवसभर खुर्चीवर. भिंगरीचा खुंटा झाला. दुकानात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय बघते. एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "काका, तुमचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा आहे." तो बिचारा खाली बघायला लागला. मी म्हटलं, बरोबर सांगते, दोन्ही शर्ट धुऊन आणलेत, पाय धुवायचे राहिलेत.

तिचा पाय मी हातात घेतला. गार. डावा ऊबदार आणि उजवा गार, आणि जरा निळसरसुद्धा. एवढ्याशा पायाला पट्टे बांधायचे आणि पिळायचं, पण ऊब द्यायची कुणाच्या डोक्यात आली नाही. कंपाउंडर मेला म्हणालाच होता शेकायला, त्याच्या तोंडून एक तरी खरं निघालं असेल. मुलगा कपडे पोचवायला गेला की मी सुती कापडाची घडी करते, इस्त्रीखाली दाबते, आपल्या तळव्यावर धरून बघते आणि मग पायाला लावते. कापडाचा शेक हाडापर्यंत जातो.

पोर काही म्हणत नाही. आधी साध्या कोमट पाण्यानं तोंड धुवायचं म्हटलं तरी घर डोक्यावर घ्यायची. आता मुकाट बसते. दुखण्यानं माणूस शहाणं होतं.

सोमवार, ६ एप्रिल

रोज शेकते. आज घडी जास्त वेळ धरली, कारण पंजा काल परवापेक्षा गुलाबी वाटला. रक्त फिरायला लागलंय, नक्की. विचारलं, "बरं वाटतं ना?" म्हणाली, "मला काहीच वाटत नाही." मी म्हटलं, असं तुसडं उत्तर द्यायला आईकडून शिकलीस. पण आईला काही सांगायचं नाही हं, हे आपल्या दोघींचं. जुलैत तिच्यासमोर बोटं हलवून दाखवायची. मग बघू कोण कपाट आहे ते.

मंगळवार, ७ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

संध्याकाळी सुनेनं बूट काढला आणि ओरडली. पायाच्या वरच्या अंगाला फोड. एक नाही, द्राक्षाएवढे चार-पाच, आणि मधली कातडी पांढरी पडलेली. बुटानं घासून एक फुटलेला. पोर शांतपणे बाहुलीचे केस विंचरत होती. स्वतःच्या पायावर फोड आलेत याचा तिला पत्ताच नाही.

"हे काय आहे? हे कुणी केलं?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. ती काहीच बोलली नाही, गुपित ना. मीच म्हटलं, "शेकलं मी. पाय गार होता."

सून उभी राहिली. मला वाटलं, मारते. हळू बोलली, तेच वाईट. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या पायाला गरम-गार काही कळत नाही. चटका बसला तरी कळणार नाही. त्या पायाला काही म्हणजे काही गरम लावू नका. सांगितलं होतं त्यांनी."

"कुणाला सांगितलं? मी बाहेर होते."

"तुम्ही उठून गेलात!"

"आणि तू? तू सांगितलंस मला? तीन आठवडे एका घरात राहतो आपण. तोंड शिवलं होतं तुझं. कपाटाला सांगितलं असतंस तरी मी ऐकलं असतं!"

मग तिनं मुलाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. त्याला सांगितलं होतं. त्याला वाटलं, आईला ठाऊकच असेल.

इस्पितळात मलम-पट्टी करणाऱ्यानं विचारलं, "आजी, एवढं गरम कापड तुमच्या हाताला कसं कळलं नाही?" मी तळवे दाखवले. इतकी वर्षं इस्त्री धरली, कातडी नाही ती, चामडं आहे. मी इस्त्रीला ओलं बोट न लावता नुसता हात जवळ नेऊन सांगते, टेरीकॉटला चालेल की नाही. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं आणि पट्टी गुंडाळायला लागला. उगाच हात दाखवला.

बुधवार, १५ एप्रिल

सून पोरीला घेऊन माहेरी गेली. सात-आठ दिवस झाले, पण मला कुणी सांगितलेलं नाही किती दिवसांसाठी. मुलगा एक दिवसाआड जातो, येताना तोंड पडलेलं. विचारलं तर म्हणतो, "जखम भरते आहे." मी म्हणते, "माझी आठवण काढते का?" तो म्हणतो, "आई, खरं सांगू का?" मी म्हणते, "नको."

दुकानात शांतता आहे. गिऱ्हाइकांचे पाय कुणी बघत नाही. काल दोन शर्ट जाळले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही पांढरे.

रविवार, ३ मे

परत आल्या. माझ्यासाठी नाही, इस्पितळ इकडून जवळ म्हणून. सुनेनं दारातच अट घातली, आणि थेट माझ्याशी बोलून घातली, हे आपलं त्यातल्या त्यात बरं. "पायाला हात लावायचा नाही. बाकी तुम्ही काय करायचं ते करा."

"बाकी काय उरलं मग?"

"केस विंचरा."

विंचरले. पोर म्हणाली, "आजी, हळू. केसांना कळतं सगळं." पायावर डाग राहिलाय, गुळगुळीत, पैशाएवढा. तिनं तो मला बोटानं दाखवला. "हा तुझा." म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मी म्हटलं, "फणी इकडे दे, जटा राहिल्यात."

बुधवार, २० मे

आज दुकानासमोरून एक पोरसवदा बाई चालली होती, कडेवर तापलेलं मूल, डोळे अर्धे मिटलेले. तोंड दवाखान्याच्या दिशेला. मी इस्त्री उभी केली आणि रस्त्यात आडवी गेले.

"कुठे निघालीस?"

"सुई द्यायला. ताप आहे."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"हो. औषध दिलंय, पण सासूबाई म्हणतात..."

"सासूबाईंना इकडे पाठव, मी बोलते. औषध दिलंय तर औषध पाज. ओलं फडकं ठेव. डॉक्टरनं सांगितलं असेल तरच सुई, आणि ती पण मांडीला. बाहेरच्या अंगाला. ढुंगणाला नाही. ऐकलंस का? मांडीला."

ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला काय करायचंय हो माझ्या मुलाचं?" म्हणाली. पण वळली आणि आलेल्या रस्त्यानं गेली.

कंपाउंडर दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून बघत होता. ओरडला, "वा आजी! त्या दिवशी कुणी माझी मानगूट धरली होती?"

रस्त्यात चार माणसं थांबली. मी आत आले. पाण्याचा फवारा मारायचं विसरून चादर दाबत बसले.

सोमवार, ८ जून

पिळवालीनं आज सगळ्यांसमोर विचारलं, "दुपारचा व्यायाम नीट होत नाही, पंजा आखडायला लागलाय. दुपारी कोण करतं?" मुलानं मान खाली घातली. त्याला जमत नाही, पोर "नको ना" म्हणाली की हा सोडून देतो. पिळवालीनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही घरी असता ना?"

सून म्हणाली, "त्यांनी नको."

पिळवाली म्हणाली, "बाई, तुमचं भांडण बाहेर ठेवा, पाय आत आणा. आजी, हात इकडे." आणि माझा हात धरून पोरीच्या पंजावर ठेवला. "ढकला. अजून. पीठ मळताय का? पाय आहे तो. टाच धरा आधी." मला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. बाई कामाची आहे.

सून बघत होती. हात लावायचा नाही ही अट तिनं मागे घेतली नाही, पण आडवीही आली नाही. घरी आल्यावर एकच म्हणाली, "गरम काही नाही."

मी म्हटलं, "दुसऱ्यांदा सांगितलंस. पहिल्यांदा सांगायला तेवढा उशीर झाला."

ती म्हणाली, "झाला."

शुक्रवार, २६ जून

तारा लावायची तारीख पुढच्या महिन्यात. पोराला उघडतात ते कसं, हे मी कुणाला विचारलं नाही, विचारणारही नाही. पंजा अजून लोंबतोच.

पिळवालीला विचारलं, "काही दिसतंय का?" ती म्हणाली, "दिसण्याआधी कळतं. मुंग्या येतात, टोचतं, दुखतं. पोर पाय धरून ओरडायला लागलं तर मला लगेच सांगा." म्हणजे आता पोरीला दुखावं म्हणून वाट बघायची! डोकं फिरलंय या बाईचं.

तरी मी रोज व्यायामाआधी झाडूची एक काडी काढते आणि टोकानं तळव्यावर रेघ ओढते. अलगद, रक्त येईल असं नाही. "काही वाटतं?" "नाही." "इथे?" "नाही. आजी, तू रोज तेच विचारतेस." "तू रोज तेच सांगतेस."

सुनेला काडीचं ठाऊक नाही. कळलं तर पुन्हा माहेर.

रविवार, १२ जुलै

आज सुनेला सुट्टी. ती आत कपड्यांच्या घड्या घालत होती, मी बाहेरच्या खोलीत पोरीचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. पाठ तिच्याकडे, म्हणजे काडी दिसणार नाही. रेघ ओढली टाचेपासून बोटांकडे, नेहमीसारखी. मी तोंड उघडून विचारणार, तेवढ्यात पोरीनं असा पाय झाडला की टाच माझ्या हनुवटीवर. दात दातावर आपटले.

"आई गं! काय करतेस, म्हातारे! चावतात ना!"

"काय चावतात?"

"मुंग्या! सगळीकडे मुंग्या! सोड, घाणेरडी!"

सून धावत आली. पोर पाय पोटाशी धरून रडतेय आणि माझ्या हातात काडी. तिनं माझं मनगट पकडलं, नखं रुतली. "पुन्हा? काय केलंत तिला? पुन्हा काय केलंत?"

"आजीनं टोचलं!" पोर ओरडली. "पायाला टोचलं, खूप दुखलं!"

सुनेची पकड तशीच राहिली, पण तोंडावरचं सगळं थांबलं. तिनं पोरीकडे बघितलं. "कुठे दुखलं?"

"इथे!"

"या पायाला?"

"याच! आजीला मार!"

सुनेनं माझ्या हातातून काडी काढून घेतली. खाली बसली. पोरीचा पाय ओढून घेतला आणि तळव्यावर टोक लावलं. पोर अशी किंचाळली की समोरची शेजारीण खिडकीत आली. "आई तू पण! तू पण वाईट!"

"पुन्हा सांग. कुठे?"

"इथे इथे इथे! नको ना!"

सुनेनं काडी पुन्हा उचलली, पण टोक नेमकं कुठेच लागेना. तिनं काडी माझ्यापुढे धरली. "तुम्ही करा. माझा हात राहत नाही."

मी केलं. बोटांच्या जवळ, जिथे फोड आले होते त्या अंगाला. तिथे अजून काही नाही. टाचेला आणि मधे मात्र आहे. पोर जी तोंडाला येईल ती शिवी देत होती. काही मी शिकवलेल्या, काही दुकानात ऐकलेल्या, एक तर मलाही नवीन. मग निसटली आणि पंजा फरफटवत पलंगाखाली जाऊन बसली. "दोघी जा! तुम्ही दोघी गेल्याशिवाय मी बाहेर येणार नाही!"

पिळवालीला फोन लावला. तारा लावायच्या त्या लावतीलच, उघडायचं की नाही ते डॉक्टर ठरवेल, म्हणाली, पण आवाज तिचाही वेगळा होता.

आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर येऊन बसलो, कारण पोर खरंच बाहेर येत नव्हती. सून हातांनी तोंड झाकून बसली होती. मग हात खाली घेतले.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी मागितली कुठे?"

आतून शिव्या येतच होत्या. आम्ही ऐकत बसलो.